नेपाळच्या गाईडच्या मुलीचा बोर्डिंगचा खर्च उचलायचा आहे, कुणी केलंय का असं?

सिंहगडरोडकर:

नमस्कार मंडळी. जरा लांब लिहितोय पण शेवटपर्यंत वाचा प्लीज, मला खरंच सल्ला हवाय.

मागच्या नोव्हेंबरात मी आणि बायको एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेलो होतो. लोबुचेपर्यंत सगळं मस्त, गोरकशेपला (बेस कॅम्पच्या आधीचा शेवटचा मुक्काम) पोचलो आणि रात्री हिची तब्येत बिघडली. आधी नुसतं डोकं दुखतंय म्हणत होती, मग उलट्या, मग बोलणं अडखळायला लागलं आणि उभं केलं तर तोल जायला लागला. मी म्हणत होतो सकाळपर्यंत थांबू, उजाडलं की हेलिकॉप्टर बोलवू. आमचा गाईड म्हणाला, "सर, सुबह नहीं, अभी नीचे." बस एवढंच. रात्री दीडला त्याने तिला पाठीवर घेतलं, आमचा पोर्टर पुढे टॉर्च धरून, मी मागे, आणि आम्ही उतरायला लागलो. दोघं आलटून पालटून तिला घेत होते. सकाळी फेरिचेच्या दवाखान्यात पोचलो तोवर ती स्वतःहून पाणी मागायला लागली होती. तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं मेंदूवर सूज यायला लागली होती, थांबला असतात तर अवघड होतं.

तर लुक्लाला शेवटच्या रात्री मी त्याला म्हटलं दादा तुला काय देऊ सांग. त्याने बाकीच्यांसारखी टिप घेतली, वर एक रुपया घेतला नाही. दुसऱ्या दिवशी एअरपोर्टवर मात्र खूप संकोचून बोलला की माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, गावातल्या शाळेत चौथीत आहे, हुशार आहे, तिला "बोर्डिंग"मध्ये घालायचंय, तुमच्या ओळखीत कुणी मदत करणारं असेल तर बघा. म्हणजे त्याने माझ्याकडे मागितलंच नाही, ओळखीत कुणी असेल तर म्हणाला. त्याचं गाव खालच्या सोलूत (एव्हरेस्टच्याच जिल्ह्याचा दक्षिणेकडचा भाग) आहे, सल्लेरीपासून चार-पाच तास चालत.

आम्ही दोघांनी घरी येऊन ठरवलंय की हे आपण करायचं. दोघं नोकरी करतो, एक मुलगा आहे सातवीत, फार श्रीमंत नाही पण होईल. मला कळत नाहीये ते असं की काठमांडूच्या बोर्डिंगला साधारण किती लागतात, पैसे कायदेशीर कसे पाठवायचे, किती वर्षं धरून चालायचं, आणि मुळात नऊ वर्षांच्या पोरीला आईपासून काढून काठमांडूला ठेवणं बरोबर आहे का. शेवटच्या प्रश्नावर आमच्या घरात दोन मतं आहेत.

डोंगरयात्री_७४:

वहिनी बऱ्या आहेत हे वाचून बरं वाटलं. गोरकशेपवरून रात्री खाली आणणं म्हणजे काय असतं ते तिथे गेलेल्यालाच कळेल.

मी हे २०१६ पासून करतोय, एका मुलासाठी, तो आता प्लस टूला आहे (त्यांच्याकडे अकरावी-बारावीला प्लस टू म्हणतात). त्यामुळे जे ठेचा खाऊन शिकलो ते सांगतो.

सगळ्यात पहिली गोष्ट. नेपाळमध्ये "बोर्डिंग" या शब्दाचा अर्थ आपण समजतो तो नाही!! तिकडे खासगी इंग्लिश मीडियम शाळेला सरसकट बोर्डिंग म्हणतात, मुलं रोज घरी जाऊन येऊन करत असली तरी. राहायची सोय हवी असेल तर ते "होस्टेल" म्हणतात. सरकारी शाळा म्हणजे सामुदायिक, बाकी सगळं बोर्डिंग. मला हे कळायला पूर्ण एक वर्ष लागलं. त्यामुळे आधी त्या गाईडला फोन करून नीट विचार की त्याला मुलीला होस्टेलात ठेवायचंय की फक्त इंग्लिश शाळेत घालायचंय. कदाचित तुमच्या घरातली दोन मतं तिथेच मिटतील.

खर्चाचं म्हणशील तर शाळाशाळांत प्रचंड फरक आहे. माझ्याकडे काठमांडूची मध्यम शाळा होती, होस्टेल, जेवण, फी, पुस्तकं, युनिफॉर्म असं सगळं धरून शेवटच्या वर्षी २ लाख ४० हजार नेपाळी झाले म्हणजे आपले दीड लाख. दर १९९३ पासून बांधलेला आहे, आपले १०० म्हणजे त्यांचे १६०, त्यामुळे डॉलरसारखी धाकधूक नाही. पण शाळा जो आकडा कागदावर देते तो कधीच पूर्ण नसतो. ॲडमिशन फी वेगळी, दरवर्षीची "वार्षिक शुल्क" वेगळी, परीक्षा फी वेगळी, कॉम्प्युटर वेगळा, आणि मग गादी, पांघरूण, थंडीचे कपडे, बूट, आजारी पडला तर औषधं, आणि घरी जायचं जीपचं भाडं. ते शेवटचं कोणी धरतच नाही आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे असं आता मला वाटतं. पहिली दोन वर्षं मी धरलं नव्हतं आणि माझा मुलगा (मी त्याला माझा मुलगाच म्हणतो) दोन्ही वर्षं दसऱ्याला होस्टेलातच राहिला. त्यांचा दशैं म्हणजे आपली दिवाळी समज, अख्खं नेपाळ घरी जातं. हा पोरगा आणि अजून चार पोरं मेसमध्ये. मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. अजून लागतं ते मनाला.

वेळेचं गणित पण समजून घे. त्यांचं शाळेचं वर्ष वैशाखात सुरू होतं, म्हणजे एप्रिलच्या मध्याला. गाईडची कमाई कधी, तर ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च ते मे. म्हणजे ॲडमिशनला एकरकमी पैसे लागतात तेव्हा स्प्रिंगचा सीझन नुकता चालू झालेला असतो, हातात काही नसतं. हे लोक मग सावकाराकडून नाहीतर एजन्सीकडून उचल घेतात आणि पुढचा सीझन ती फेडण्यात जातो. त्यामुळे पैसे चैत्रात पोचले तर पाठवल्याचा खरा उपयोग, जूनमध्ये पाठवून व्याजच भरलं जातं.

आणि माझी मोठी चूक. पहिल्या वर्षी मी पैसे थेट न देता एका मध्यस्थामार्फत दिले, काठमांडूतलाच माणूस, गोड बोलणारा, मुलाचे फोटो पाठवायचा, प्रगतिपुस्तक पाठवायचा. वर्षाअखेर मी स्वतः गेलो तेव्हा शाळेत कळलं की दोन टर्मची फी थकलेली आहे आणि पोराला वर्गात सगळ्यांसमोर उभं करून विचारतात. त्या दिवसापासून मधे कोणी नाही. फी शाळेत, पावती मला, आणि वरखर्च बापाच्या खात्यात.

कोथरूडची_सीए:

पैशाचं थोडक्यात सांगते. नेपाळला आपल्या इथून एनईएफटीनेच पैसे जातात, इंडो-नेपाळ रेमिटन्स म्हणून रिझर्व्ह बँकेची सोय आहे, २००८ पासून. २०२१ मध्ये मर्यादा वाढवून एका वेळी २ लाखांपर्यंत केली आहे. खातं नसेल आणि रोख भरायची असेल तर ५० हजारच. स्टेट बँकेची तिकडे नेपाळ एसबीआय बँक आहे, गाईडचं तिथे खातं काढलंत तर सगळ्यात सोपं पडतं. ब्रँचमध्ये बऱ्याच जणांना ही सोय माहीतच नसते, "होत नाही" म्हणतील, तेव्हा नाव घेऊन विचारा आणि नाहीच म्हणाले तर मोठ्या ब्रँचला जा. शाळेच्या खात्यावर थेट जाईल का हे त्याच वेळी विचारून घ्या, कारण ही सोय मुळात घरगुती पैशासाठी केलेली आहे.

टॅक्समध्ये सूट मिळेल ही अपेक्षा ठेवू नका. ८०जी फक्त भारतात नोंदणी असलेल्या संस्थांच्या देणगीला आहे, आणि एका मुलीची फी भरणं ही देणगी नाहीच, ती तुमची खासगी मदत आहे. कुणी "आमच्यामार्फत द्या, ८०जीची पावती देतो आणि पैसे नेपाळला पोचवतो" म्हणालं तर चार पावलं मागे या. हवालावाल्याकडे तर चुकूनही जाऊ नका, सगळे करतात म्हणून आपण करायचं नाही. प्रत्येक वेळचं एनईएफटीचं स्टेटमेंट आणि शाळेची पावती एका फाईलीत लावत जा.

आणि एक, सीए म्हणून नाही, आई म्हणून. मुलगी चौथीत आहे म्हणजे बारावीपर्यंत आठ वर्षं. आज दीड लाख आहेत ते तेवढेच राहणार नाहीत. तुमचा मुलगा सातवीत आहे, म्हणजे पाच वर्षांनी त्याची इंजिनिअरिंगची का कशाची ॲडमिशन आणि इकडे हिची नववी, दोन्ही एकाच वेळी येणार. आत्ताच वेगळं आरडी उघडा आणि दोन वर्षांची फी कायम शिल्लक राहील असं बघा. नोकरी गेली म्हणून त्या पोरीची शाळा मधेच सुटता कामा नये. मधे सोडणं हे सुरू न करण्यापेक्षा वाईट आहे, त्या मुलीला गावची शाळाही परत आपली वाटणार नाही.

पायवाट_समाजकार्य:

२०१५ च्या भूकंपानंतर मी चार महिने सिंधुपाल्चोकला होते, नंतर दोन वर्षं काठमांडूत मुलांच्याच कामात. या विषयावर माझ्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, जमेल तेवढं लिहिते.

नेपाळच्या डोंगरातून मुलं "शिकायला" काठमांडूला पाठवणं ही फार जुनी आणि फार दुखरी गोष्ट आहे. १९९६ ते २००६ माओवाद्यांचं युद्ध चालू होतं तेव्हा हुम्ला, जुम्लासारख्या दूरच्या जिल्ह्यांत दलाल फिरायचे. आईबापांना सांगायचे की मुलाला काठमांडूत बोर्डिंगला घालतो, इथे राहिला तर माओवादी उचलून नेतील. आईबाप जमीन विकून, याक विकून त्या दलालाला पैसे द्यायचे. आणि मुलं निघायची कुठे, तर अनाथाश्रमात. आईबाप मेल्याचे खोटे दाखले, कधी नावंसुद्धा बदललेली, आणि मग त्या मुलांच्या जोरावर परदेशी पाहुण्यांकडून देणग्या. नेपाळच्या अनाथाश्रमांतल्या बहुतेक मुलांचे आईवडील दोघं किंवा एक तरी जिवंत असतात, आणि हे आश्रम बहुतेक करून काठमांडू खोरं, पोखरा, चितवन अशा जिथे टुरिस्ट जातात तिथेच आहेत, जिथून मुलं येतात तिथे नाहीत. एवढ्यावरून काय ते समजा. भूकंपानंतर पुन्हा हेच सुरू होईल म्हणून सरकारने परवानगीशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर न्यायला बंदी घातली होती. मी स्वतः एका चेकपोस्टवर बसमधून उतरवलेली मुलं बघितली आहेत, सगळ्यात लहान पाच वर्षांचा असेल, त्याच्या हातात नवी कोरी स्कूल बॅग होती आणि आत काही नव्हतं.

तुमची केस अशी नाही हे मला कळतंय. बाप समोर आहे, ओळखीचा आहे, त्याने स्वतः विचारलंय. पण म्हणूनच सांगते की कुठल्याही "होम"मधून, कुठल्याही स्पॉन्सर-अ-चाइल्ड वाल्या माणसामार्फत जाऊ नका. शाळा निवडताना बापाने आणि आईने दोघांनी जाऊन बघितली पाहिजे, रात्री मुलींच्या होस्टेलवर कोण असतं, वॉर्डन बाई आहे का, दाराला कडी आतून आहे की बाहेरून, फोन करायला मिळतो का आणि करताना शेजारी कोण उभं असतं हे सगळं विचारलं पाहिजे. मुलीची जन्मदर्ता म्हणजे जन्माचा दाखला वॉर्ड ऑफिसात आहे ना, आणि शाळेत तेच नाव, तीच जन्मतारीख लागते ना ते बघा. पुढे सोळाव्या वर्षी नागरिकता (नागरिकत्वाचा दाखला) काढताना कागद जुळले नाहीत तर फार हाल होतात, मी अशी शिकलेली मुलं बघितली आहेत जी कागदोपत्री कुणीच नाहीत.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. डोल्पो, मुस्तांग, हुम्लाच्या मुलांसाठी काठमांडूत परदेशी स्पॉन्सरच्या पैशावर चालणाऱ्या चांगल्या शाळा आहेत, प्रामाणिक आहेत. तिथे चार-पाच वर्षांचं मूल येतं आणि गाव इतकं लांब असतं की काही जण थेट दहावी झाल्यावरच घरी जातात. मी अशा एका मुलीशी बोलले होते. ती म्हणाली दहा-बारा वर्षांनी घरी गेले तेव्हा आईला ओळखलं नाही, आणि ओळख पटल्यावर आईशी बोलायला शब्द नव्हते कारण गावची भाषा विसरले होते. इंग्लिश सुंदर होतं तिचं. कुणाचं काही चुकलं नव्हतं. स्पॉन्सरने दर वर्षी वेळेवर पैसे दिले होते, शाळेने शिकवलं होतं, आईने पोरीचं भलं व्हावं म्हणूनच पाठवलं होतं.

म्हणून माझं मत विचाराल तर नऊ हे वय काठमांडूच्या होस्टेलसाठी लहान आहे. सल्लेरी हे जिल्ह्याचं ठिकाण आहे, तिथे शाळा आहेत, आता जीपचा रस्ता आहे. गावापासून एका दिवसात आई पोचू शकेल अशा अंतरावर जे काही मिळेल ते आधी बघा.

विटा_ते_वाशी:

सगळ्यांचं कौतुक आहे पण एक विचारू का, राग मानू नका. ऊसतोड कामगारांची मुलं आपल्याकडे दर दिवाळीनंतर शाळा सोडून फडावर जातात, चार ते सहा महिने कोपीत (पाचटाच्या झोपडीत) राहतात. मेळघाट आहे, नंदुरबार आहे. मग दीड लाख नेपाळला का?

सिंहगडरोडकर:

@विटा_ते_वाशी राग कशाला. मी स्वतःला हेच विचारलं होतं. मी यादी करून सगळ्यात गरजू मूल कोणतं ते शोधून हे करत नाहीये. त्या माणसाने माझ्या बायकोला पाठीवर घेतलं तेव्हा त्यानेही कुठल्या देशाची ते बघितलं नव्हतं. माझं त्याच्याशी नातं झालंय आणि त्याने एक गोष्ट बोलून दाखवलीय. बीडच्या मुलांचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं आहे, तुमच्या ओळखीत हंगामी वसतिगृहाचं काम करणारं कुणी असेल तर मला मेसेज करा, तिकडेही जेवढं जमेल तेवढं करेन.

विटा_ते_वाशी:

पटलं. मेसेज केलाय.

निवृत्त_मास्तर_सातारा:

सगळ्यांचं वाचलं. मी ७८ वर्षांचा आहे, नात टाईप करून देते आहे त्यामुळे थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं पण होईल असं वाटत नाही.

आमच्या साताऱ्यात बोर्डिंग या शब्दाला वेगळाच मान आहे. कर्मवीर अण्णांनी १९१९ साली काल्याला रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू केलं, सगळ्या जातीधर्माची पोरं एका पंगतीत. धान्य संपलं तेव्हा वहिनींनी म्हणजे लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रसुद्धा दिलं, हे आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं. त्याच्याही आधी १९०१ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापुरात वसतिगृह काढलं होतं. मी स्वतः अशाच एका बोर्डिंगात सातवीपासून राहिलो. आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती, दोन वर्षं शेजारच्या गावी चालत गेलो आणि मग बाप म्हणाला बास झालं, गुरं राखायला ये.

गावातले एक गृहस्थ मुंबईला गिरणीत कामाला होते. भाऊबंद नव्हते की नातं नव्हतं, फक्त एकाच आळीतले. त्यांनी वडिलांना निरोप धाडला की पोराचे दहा रुपये मी पाठवतो. आणि दर महिन्याच्या पाच-सहा तारखेला मनीऑर्डर यायची, मॅट्रिक होईपर्यंत. एक महिना चुकला नाही. संपाच्या दिवसांत आठच रुपये आले आणि पुढच्या महिन्यात बारा. हे मी अजून विसरलो नाही.

त्यांनी माझ्याकडून एकच गोष्ट मागितली होती, सहामाही आणि वार्षिक परीक्षेनंतर एक कार्ड टाकायचं आणि त्यात मार्क लिहायचे. गणितात पस्तीस पडले तरी लिहायचे. आभार मानायचे नाहीत असं स्वतः बजावलं होतं. मी कार्ड टाकायचो, त्यांचं उलट कार्ड यायचं, "गणिताकडे लक्ष दे. आई बरी आहे, गावी भेटलो." पुढे शिक्षक झाल्यावर मला कळलं की ते दर वेळी गावी आले की आधी माझ्या आईला भेटायचे. मला एकदाही बोर्डिंगात भेटायला आले नाहीत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, इतर पोरांनी विचारलं असतं हा कोण तुझा, आणि तुला सांगावं लागलं असतं.

म्हणून सिंहगडरोडकर दादा, तुम्हाला एवढंच सांगतो की त्या मुलीचा फोटो कुठे लावू नका, शाळेत गेलात तरी दहा जणांत तिला "मी हिची फी भरतो" असं वाटू देऊ नका. तिच्याकडून थँक्यूचं पत्र लिहवून घ्यायची शाळांना सवय असते, ते तुम्ही बंद करायला सांगा. मार्क मात्र मागा. कुणीतरी आपले मार्क बघतंय हे पोराला लागतं. आणि आईशी ओळख ठेवा, बापाशी आहेच.

आणखी एक. मुलगी पुढे नापास झाली, शिकायचं नाही म्हणाली, लवकर लग्न केलं, किंवा गाईडच व्हायचं म्हणाली, तर तो तिचा हक्क आहे. मी ३६ वर्षं वर्गात उभा राहिलो. मदतीवर शिकणाऱ्या पोरांच्या डोक्यावर नापास होण्याची भीती इतर पोरांच्या दुप्पट असते, आपण ती वाढवू नये.

डोंगरयात्री_७४:

मास्तर, नमस्कार तुम्हाला. मार्कांचं कार्ड ही कल्पना मी उद्यापासून उचलणार, माझा पोरगा व्हॉट्सॲपवर नुसतं "गुड मॉर्निंग सर" पाठवत असतो.

@पायवाट_समाजकार्य ताईंचं पण पटतं. मी माझ्या मुलाला सातव्या वर्षी काठमांडूत ठेवलं होतं, आजची वेळ असती तर ठेवलं नसतं. त्याचं गाव रसुवात, तिथे भूकंपात शाळाच पडली होती त्यामुळे तेव्हा दुसरा मार्ग दिसला नाही.

एक राहिलं. गावच्या सरकारी शाळेबद्दल एकदम वाईट मत करून घेऊ नका. नामचेला ॲक्लिमटायझेशनच्या (उंचीची सवय व्हायला थांबतात त्या) दिवशी तुम्ही खुमजुंगला गेला असाल तर ती हिरव्या छपराची शाळा बघितली असेल, एडमंड हिलरींनी १९६१ मध्ये शेर्पांच्या मागणीवरून सुरू केलेली, ती अजून चालू आहे आणि तिथून शिकून पुढे डॉक्टर, पायलट झालेली माणसं आहेत. नेपाळच्या २०१५ च्या घटनेत आठवीपर्यंतचं शिक्षण सक्तीचं आणि फुकट आहे, बारावीपर्यंत फुकट. अडचण अशी की डोंगरात शिक्षक टिकत नाहीत, इंग्रजी-गणिताचा शिक्षक तर मिळतच नाही, आणि दहावीला एसईई म्हणजे बोर्डाची परीक्षा असते, पूर्वीची एसएलसी, जिला ते "फलामे ढोका" म्हणायचे म्हणजे लोखंडी दार. त्या दाराची धास्ती प्रत्येक आईबापाला आहे. गाईड लोकांना इंग्रजीचं मोल रोजच्या रोज दिसतं, ज्याला इंग्रजी येतं तो गाईड होतो आणि ज्याला येत नाही तो तीस किलोचं ओझं वाहतो. म्हणून बोर्डिंग बोर्डिंग करतात.

सिंहगडरोडकर:

मंडळी, तीन आठवड्यांनी परत आलोय, मधे उत्तर दिलं नाही त्याबद्दल माफ करा. तुमचे सगळे रिप्लाय बायकोने प्रिंट काढून ठेवलेत.

डोंगरयात्रींचं बरोबर निघालं. मी गाईडला फोन करून विचारलं, होस्टेल हवंय की नुसती इंग्लिश शाळा, तर तो बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला की सर तुम्ही परदेशी लोक (आपण त्याला परदेशीच की) काठमांडूचीच शाळा देता असं सगळे म्हणतात म्हणून मी काठमांडू म्हटलं. त्याच्या ओळखीच्या दोघातिघांच्या मुलांना युरोपातल्या ट्रेकर्सनी काठमांडूला घातलंय, त्याने तेच गृहीत धरलं होतं.

मी म्हटलं मला वहिनीशी बोलायचंय. ती गावात असते आणि गावात नेटवर्क एका टेकाडावरच येतं, त्यामुळे फोन व्हायला पाच दिवस लागले. तिला हिंदी फार येत नाही, मला नेपाळी येत नाही, मधे तो सांगत होता. पण तिचं म्हणणं एकदम सरळ होतं. मुलीच्या मागे एक मुलगा आहे सहा वर्षांचा. नवरा वर्षातले सहा-सात महिने डोंगरात. दशैंलासुद्धा घरी नसतो कारण ऑक्टोबर म्हणजे ऐन सीझन. मुलगी काठमांडूला गेली तर घरात ती आणि लहानगा दोघंच. ती म्हणाली सल्लेरीत एक खोली भाड्याने घेतली तर मी दोन्ही पोरांना घेऊन तिथे राहीन, दोघंही बोर्डिंगला जातील (म्हणजे रोज जाऊन येऊन), आणि शेती-गुरं सासरे बघतील, सुट्टीत आम्ही वर जाऊ. हे तिने आधीच ठरवून ठेवलं होतं हो, विचारायला कुणी गेलंच नव्हतं.

हिशोब केला. दोघांची फी, खोलीचं भाडं, थंडीचं सरपण, पुस्तकं, कपडे असं सगळं धरून काठमांडूच्या एका होस्टेलपेक्षा कमी होतंय. आमच्या घरातली दोन मतं आता एकच आहेत. बायको म्हणते खोलीचं भाडं तिने द्यायचं, फी मी. गाईड म्हणाला सरपण आणि जेवणखाण त्याचं, ते तो घेऊ देणार नाही, मी पुढे बोललो नाही.

सीए ताई, आरडी उघडलंय. स्टेट बँकेच्या आमच्या ब्रँचला पहिल्यांदा "अशी काही स्कीम नाही" म्हणाले, तुम्ही सांगितल्याप्रमाणे नाव घेऊन विचारलं तर आतल्या मॅडमनी कॉम्प्युटरवर शोधून काढलं. गाईड काठमांडूत आला की नेपाळ एसबीआयमध्ये खातं काढतोय. पायवाट ताई, दोन्ही मुलांची जन्मदर्ता आहे, मुलीच्या दाखल्यावर आणि शाळेतल्या नावात एका अक्षराचा फरक आहे, तो ॲडमिशनच्या आधी दुरुस्त करायला वॉर्ड ऑफिसला अर्ज दिलाय. तुम्ही सांगितलं नसतं तर आम्हाला सुचलंच नसतं.

मास्तर, पत्रांचं मी मुलीशी बोललो. म्हटलं मला तुझे मार्क कळव, बाकी काही लिहू नकोस. तिने विचारलं, आणि तुमच्या मुलाचे मार्क तुम्ही मला कळवणार का? आमच्या चिरंजीवांना सांगितलंय, सहामाहीचा रिझल्ट लागला की सल्लेरीला कळवायचा. तो जरा हादरलाय.

ॲडमिशन वैशाखात आहे, त्यामुळे पैसे चैत्र संपायच्या आत पोचायला हवेत. खातं उघडल्याचा गाईडचा मेसेज आला की दुसऱ्याच दिवशी पहिला हप्ता टाकतो, आणि इथे कळवतो किती दिवसांत पोचला ते, म्हणजे पुढे कुणाला लागलं तर उपयोगी पडेल.